आधी मर्यादा, मग तिकीट



एप्रिलमध्ये आम्ही मुलांना घेऊन जहाजाने मुंबई–गोवा फिरून आलो, हे कळल्यापासून मला दोन प्रश्न सारखे विचारले जातात. पहिला, "खर्च किती आला?" दुसरा, थोडा आवाज खाली आणून, "जेवणाचं काय केलंत?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरं खाली देते. पण खरा प्रश्न कोणी तोंडावर विचारत नाही. तो म्हणजे, आपल्यासारख्यांनी अशा ठिकाणी जावं का? जिथे मद्य आहे, कॅसिनो आहे, रात्री उशिरापर्यंत जेवणं चालतात, तिथे श्रावकाच्या घरातल्या लेकरांना न्यावं का?

माझं मत आधीच सांगते. जावं. पण तिकीट काढण्याआधी घरात बसून आपल्या मर्यादा ठरवाव्यात, आणि त्या ठरवताना मुलांना सोबत बसवावं. "सुट्टीत सगळं चालतं" हे मला पटत नाही. आईने अर्धं स्वयंपाकघर बॅगेत भरून न्यावं आणि तिथेही तिनेच राबावं, हेही पटत नाही.

समुद्र आपल्याला परका नाही

आपला जिल्हा समुद्रापासून लांब. जळकोटच्या मुलांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे, आणि उन्हाळ्यात बघायचं ते टँकरचं पाणी. त्यामुळे जहाज म्हटलं की ते आपलं काम नव्हे असं वाटतं. पण सिद्धचक्र विधानात आपण जी श्रीपाल-मैनासुंदरीची कथा ऐकतो, तिचा अर्धा भाग समुद्रावर घडतो. धवल शेठच्या जहाजांवरून श्रीपाल निघतो, तोच शेठ त्याला समुद्रात ढकलतो, आणि णमोकार जपत तो किनाऱ्याला लागतो. चारुदत्ताच्या कथेतही समुद्र आहे. आपले पूर्वज व्यापारी होते, आणि व्यापारी माणूस पाण्याला घाबरून बसत नसतो.

पुराणातून खाली यायचं तर सोलापूरला या. तिथे 1882 साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद आपल्याच दिगंबर समाजातले. त्यांनी भागीदारांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिची 'एस. एस. लॉयल्टी' ही बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. इंग्रजी कंपन्यांनी समुद्र स्वतःच्या मुठीत ठेवलेला असताना हे धाडस होतं. आज 5 एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. तो दिवस आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या एका जैन माणसामुळे आहे, हे किती मुलांना माहीत असतं?

विरोधही झाला आहे. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला वीरचंद राघवजी गांधी गेले. श्वेतांबर आचार्य आत्मारामजी महाराजांना निमंत्रण होतं. मुनी वाहनाने प्रवास करत नाहीत, म्हणून त्यांनी वीरचंदजींना पाठवलं. समुद्र ओलांडला म्हणून परत आल्यावर समाजातल्या काही जणांनी त्यांना धारेवर धरलं. परदेशात शुद्ध शाकाहार सांभाळून धर्माचं नाव मोठं करणाऱ्या माणसाला! तेव्हा "समुद्रावर गेलं की धर्म बुडतो" हे वाक्य जुनं आहे, पण ते खरं ठरलेलं नाही.

मग शास्त्र काय सांगतं?

इथे मात्र हलकं घेऊन चालत नाही. आपल्या गुणव्रतांत पहिलं दिग्व्रत. दहा दिशांना किती लांब जायचं याची मर्यादा आयुष्यभरासाठी घालून घ्यायची. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात या मर्यादेच्या खुणा सांगितल्या आहेत, आणि त्यात नदी, जंगल, डोंगर यांच्याबरोबर समुद्रही आहे. तिसरं गुणव्रत अनर्थदंडाचं. त्याच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या येते, आणि तिच्यात कारण नसताना पाणी, अग्नी, वनस्पती यांची नासाडी करणं येतं, तसंच कारण नसताना भटकणंही येतं. म्हणजे कोणी म्हटलं की "उगीच फिरायला एवढं मोठं इंधन जाळणारं जहाज कशाला?" तर तो आक्षेप शास्त्राला धरूनच आहे. त्याला हसून उडवून लावू नका.

माझ्या सासूबाईंनी कुंथलगिरीला दिग्व्रत घेतलं आहे. पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर. सगळ्या सीमा तीर्थांच्या. आमचं जायचं ठरलं तेव्हा धाकटीने शाळेचा नकाशा काढला, पट्टी लावली आणि ओरडली, "आजी, मुंबई ते गोवा तुझ्या रेषांच्या आतच आहे! गिरनार तर किती तरी पश्चिमेला आहे. तू येऊ शकतेस!" हिशेब बरोबर होता. सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, "नकाशा बरोबर आहे गं, पण व्रत घेताना माझ्या मनात जमीन होती. मनात होतं ते व्रत." त्या आल्या नाहीत. मी पण थांबते म्हटलं, तर मला म्हणाल्या, "माझं व्रत मी घेतलंय. तुझ्या गळ्यात कशाला? तुम्ही कशासाठी जाताय ते ठरवा आणि जा."

"कशासाठी" हा शब्द मी धरून ठेवला. अनर्थ म्हणजे ज्याला अर्थ नाही ते. ज्या प्रवासाचं कारण आपण एका वाक्यात घरच्यांना सांगू शकत नाही, तो करू नये, मग तो जहाजाचा असो की लोणावळ्याचा. शेजारणीने फोटो टाकले म्हणून जायचं असेल तर खरंच घरी बसावं. ते पैसे कुंथलगिरीच्या आहारदानाला द्यावेत.

आमचं कारण

आमचं कारण थोरला. त्याची दहावी झाली. जूनपासून तो अकरावीला लातूरला. तुमच्यापैकी कितीतरी जणींची मुलं तशीच गेली आहेत. तिथे मेस असते, मित्र असतात, रात्री साडेनऊला क्लास सुटतो. घरात पंधरा वर्षं त्याच्या ताटात काय पडावं ते मी ठरवलं. सूर्यास्त झाला की आजी हाक मारायची. कंदमुळं घरात येतच नव्हती, त्यामुळे "नको" म्हणायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. आता ती रोज येणार आहे, आणि तेव्हा मी जवळ नसेन.

मला वाटलं, पहिल्यांदा ती वेळ आमच्या डोळ्यांसमोर यावी. जिथे शंभर पदार्थ मांडलेले आहेत, कोणी अडवत नाही, रात्री अकरालाही खायला मिळतं, अशा ठिकाणी त्याने स्वतः ताट वाढून घ्यावं. आई शेजारी असावी, पण तिने ताटात डोकावू नये. उपदेश मी खूप केला आहे. तीन दिवसांच्या सरावाची किंमत मला त्याहून जास्त वाटली.

तयारी

आता व्यवहाराचं. मुंबईहून 2018 च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' ही मुंबई–गोवा क्रूझ सुरू झाली होती. पुढे सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' जहाजाच्या फेऱ्या सुरू झाल्या. गोवा, कोची, लक्षद्वीप असे मार्ग असतात.

कधी जावं: पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि कोळी बांधवही नारळी पौर्णिमेनंतरच होड्या लोटतात. चातुर्मासात मुनिसंघ एका जागी थांबतो, तेव्हा आपणही थांबलेलं बरं. उरले नोव्हेंबर ते मे. त्यात तारीख धरण्याआधी कॅलेंडर घेऊन अष्टमी-चतुर्दशी, अष्टान्हिका आणि महावीर जयंती बघा. घरात कोणाचा उपवास किंवा एकाशन असेल तर ते दिवस सोडा. आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाही. डिसेंबरात मुंबईला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, एप्रिलमध्ये सातच्या थोडा आधी. ज्यांचा रात्रीभोजनत्याग आहे त्यांना हा जवळजवळ एक तास फार कामाचा. सुट्टी म्हणून सगळे डिसेंबर धरतात, मी एप्रिल सुचवेन.

किती रात्री: पहिल्यांदा दोन किंवा तीन. पाच रात्रींच्या मोहात पडू नका. मुलांना लागलं तर मधे उतरता येत नाही.

खोली: खिडकीची आणि बाल्कनीची खोली महाग. आत बसायला कोण वेळ घालवतं? आतली खोली घ्या. जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. मुलांसाठी उलटीचं औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या. आम्ही सुंठ-साखर नेली होती. आलं चालत नाही, सुंठ चालते, एवढं तर आपल्याला ठाऊकच आहे.

कागद: सगळ्यांची सरकारी ओळखपत्रं, मुलांचीही. लक्षद्वीपला प्रवेश-परवाना लागतो. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं बाळ आणि दिवस भरत आलेली बाई यांना घेत नाहीत, ते आधी विचारा.

पैसे: जाहिरातीतला आकडा हा शेवटचा आकडा नसतो. बंदराचं शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी धरून "चौघांचे मिळून एकूण किती?" असं विचारा आणि लिहून घ्या. जेवण आणि राहणं भाड्यात येतं. किनाऱ्यावरची सहल, इंटरनेट आणि बारमधलं काही असेल तर ते वेगळं. आम्ही दोन वर्षं दरमहा थोडे बाजूला टाकले. कर्ज काढून किंवा कार्डाच्या हप्त्यावर जाऊ नका. परिग्रहपरिमाण म्हणजे फक्त सोनं मोजणं नव्हे, देणं मोजणंही त्यातच आलं.

प्रवास: जळकोटहून हायवेने सोलापूर, रात्रीची सिद्धेश्वर, सकाळी मुंबई. बंदर स्टेशनपासून जवळच आहे. जहाजावर चढायची वेळ दुपारची असते, त्यामुळे सकाळ हातात राहते. आम्ही भुलेश्वरला दर्शन घेऊन आलो. शेठ माणिकचंद हिराचंदांची सी. पी. टँकची हिराबाग धर्मशाळाही मुलांना बाहेरून दाखवली. आपल्या आजे-सासऱ्यांच्या पिढीतल्या किती तरी जणांची मुंबई तिथूनच सुरू झाली.

'जैन जेवण' म्हणजे नेमकं काय

जहाजावर जैन जेवण मिळतं. बुकिंग करतानाच तसं लिहून द्या आणि चढल्यावर पहिल्याच दिवशी तिथल्या माणसाला भेटून पुन्हा सांगा. पण एक समजून घ्या. हॉटेलातल्या 'जैन' या शब्दाचा अर्थ एवढाच, की कांदा, लसूण, बटाटा, कंदमुळं नाहीत. सूर्यास्ताच्या आधी मिळेल असं त्यात येत नाही. पाणी गाळलेलं असेल असं येत नाही. स्वयंपाकघर वेगळं असेल असंही येत नाही. तेव्हा आपलं पालन कुठपर्यंत आहे ते आपल्याला माहीत हवं, वाढणाऱ्याला ते माहीत नसतं.

आणि आपल्या सगळ्यांच्या घरी नियम सारखे नाहीत, हे उघड बोलायला काय हरकत आहे? सैतवाल घरांत कुणाकडे लसूण फक्त चातुर्मासात बंद, कुणाकडे बारा महिने. कुणी रात्री पाणीही घेत नाही, कुणी फळ घेतं. दुसरीच्या घराचं माप लावू नका. आम्ही चौघांनी निघण्याच्या आठ दिवस आधी वहीत पाच ओळी लिहिल्या. कंदमुळं नाहीत. अंडं किंवा जिलेटिन असण्याची शंका असेल तर ते नाही. सूर्यास्तानंतर जेवण नाही. ताटात घेतलेलं टाकायचं नाही. रोज सकाळी वीस मिनिटं सामायिक, मग दिवस मोकळा. पाचवी ओळ थोरल्याने घातली, मी नाही.

ज्यांचा रोज देवदर्शनाचा नियम आहे किंवा जे सोवळ्याचंच जेवतात, त्यांनी जायच्या आधी महाराजांना किंवा माताजींना विचारावं. मुभा मिळाली तर जावं, नाही मिळाली तर मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्र बघावा, तोही तोच समुद्र आहे. नियम मोडून जाण्याइतकं जहाज मोठं नाही.

सोबत काय नेलं? कडक भाकरी, बिनलसणाची शेंगाचटणी आणि लाडूंचा एक डबा. तोही रेल्वेसाठी आणि अडीनडीला. बाहेरचं खाणं जहाजात नेण्याबद्दल प्रत्येक कंपनीचे नियम असतात, ते आधी विचारून घ्या.

पाण्यावरचे तीन दिवस

सुटण्याच्या आधी सगळ्यांना गोळा करून लाइफ जॅकेट कसं घालायचं, कुठे जमायचं ते दाखवतात. कंटाळा करू नका, मुलांना पुढे उभं करा. जुनी माणसं बोटीला घाबरतात ती उगीच नाही. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. त्या पिढीची भीती मुलांना सांगितली, म्हणून जॅकेटचं महत्त्व त्यांना कळलं.

सामायिकाला पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करायचं, तर जहाज वळत असतं. मुलांनी मोबाइलमध्ये होकायंत्र उघडलं आणि रोज सकाळी दिशा शोधायचं काम त्यांच्याकडे गेलं. ज्या कामासाठी घरी दहा हाका माराव्या लागतात, ते इथे आपोआप झालं.

जेवणाच्या वेळी मी मागे उभी राहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते सगळ्यात अवघड गेलं. दुसऱ्या दिवशी गोड पदार्थांपाशी थोरला बराच वेळ थांबला. गुलाबी, थरथरणारं काहीतरी होतं. त्याने वाढणाऱ्याला विचारलं, उत्तर ऐकलं, आणि श्रीखंड घेऊन आला. धाकटीने "काय होतं रे?" विचारलं तर म्हणाला, "जिलेटिन. जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढतात." एवढंच. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. मैत्रिणींनो, त्या न बघण्यासाठीच मी सगळे पैसे मोजले होते असं मला वाटलं.

संध्याकाळी मात्र त्याने विचारलं, "लातूरला क्लास नऊला सुटला तर मी काय करू?" मी लगेच उत्तर दिलं नाही. त्याच्या बाबांनी डबा साडेपाचला खायची युक्ती सांगितली. त्याने तीवर विचार करतो म्हटलं. उद्या तो काय करेल याची हमी मी देऊ शकत नाही. पण त्याने लपवण्याआधी विचारलं, हे मला पुरेसं आहे.

ताटात न टाकण्याच्या ओळीबद्दलही सांगते. जहाजावरचं उष्टं कुठे जातं? आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्लास्टिकचा एक तुकडाही समुद्रात टाकता येत नाही. पण अन्न बारीक करून किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या बाहेर, न दळलेलं असेल तर बारा मैलांच्या बाहेर टाकायला परवानगी आहे. गोडं पाणीही बऱ्याच जहाजांवर समुद्राच्या पाण्यापासूनच, इंधन खर्च करून बनवलं जातं. हे सांगितल्यावर टँकरच्या गावातल्या माझ्या मुलांनी नळ कसा बंद ठेवायचा हे मला शिकवलं. अनर्थदंडाचा धडा बाथरूममध्येही शिकता येतो.

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागलं. सगळे बीचवर गेले. आम्ही गाडी करून फोंडा तालुक्यातल्या बांदिवडे गावी गेलो. तिथे नेमिनाथ बस्तीचे अवशेष आहेत. जांभ्या दगडाच्या पडक्या भिंती, भोवती झाडी, आणि कोणी नाही. एके काळी इथे आपली माणसं राहत होती, पूजा करत होती, हे मुलांनी त्या भिंतींना हात लावून पाहिलं. परत येताना अर्धा तास बीचवरही थांबलो. तेही लागतंच.

आईचं काय

शेवटी आपल्याबद्दल. श्रीपालाच्या कथेत श्रीपाल समुद्रावर गेला आणि मैनासुंदरी सासूजवळ राहून बारा वर्षं वाट बघत बसली. कथा मोठी आहे, तिची श्रद्धाही मोठी आहे. पण लक्षात घ्या, घराचा धर्म सांभाळायचं काम तेव्हाही घरी राहणारीवरच होतं. आजही आपल्याकडे प्रवास म्हटला की पुरुष तिकीट काढतात, मुलं उड्या मारतात, आणि बाई चार दिवस आधीपासून पुऱ्या लाटते. यात्रेला गेलं तरी धर्मशाळेत स्टोव्ह तीच पेटवते.

जहाजावर तीन दिवस मी चूल पाहिली नाही. सकाळी उठून "आज काय करू?" हा प्रश्न नव्हता. पहिल्या दिवशी हात रिकामे वाटले. दुसऱ्या दिवशी मी तासभर नुसती पाण्याकडे बघत बसले, आणि कित्येक महिन्यांनी माझी जपाची माळ मधे न थांबता पूर्ण झाली. धर्मासाठी वेळ मिळत नाही असं आपण म्हणतो. खरं तर घराचा धर्म पाळताना आपल्या स्वतःच्या धर्माला वेळ उरत नाही.

म्हणून म्हणते, घराचे नियम ही एकट्या आईची नोकरी असू नये. ते चौघांनी लिहावेत, चौघांनी पाळावेत. मग जहाज असो, लातूरची मेस असो की सोलापूरचं लग्न, प्रत्येकाची मर्यादा त्याच्यासोबत जाते आणि आईला मागे धावावं लागत नाही. तुम्हाला जहाज परवडत नसेल किंवा पटत नसेल तर तेवढी वही तरी घ्या. पाच ओळी लिहा, मुलांना एक ओळ घालू द्या, आणि उजनीच्या पाण्याकाठी जाऊन या.

ज्यांनी आपल्या घरी अशा ओळी लिहिल्या असतील त्यांनी मला जरूर सांगा. विशेषतः मुलांनी कोणती ओळ घातली ते मला वाचायचं आहे.

जय जिनेंद्र.